कडक ऊन म्हणजे जास्त सोलर वीज? नाही!

शेतातल्या खोलीवर किंवा परसातल्या शेडवर सोलर बसवायचं म्हटलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आपल्याकडे ऊन कडक, पॅनेल मे महिन्यात भरभरून वीज देईल." इथे घोळ आहे. पॅनेल वीज बनवतं ती उजेडापासून. उष्णता त्याला नकोच असते.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे आतले सेल (उजेडाची वीज करणाऱ्या चकत्या) २५ अंशांवर असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. विदर्भातल्या मे महिन्यात भर दुपारी पॅनेल सहज ६५ अंशांवर जातं, म्हणजे १२ ते १६ टक्के वीज तिथेच गेली.

म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून ठोकू नका, कृपा करून. खालून वारा खेळेल अशी निदान चार बोटं जागा सोडा. बॅटरीही तापल्या पत्र्याखाली नको. उष्णतेने तिचं आयुष्य झपाट्याने घटतं आणि खर्च तर तिचाच वारंवार येतो.

बाकी गरज फार नसते. ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब आणि ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा पाच तास चालवले तर २४० वॉट-तास लागतात. १०० वॉटचं पॅनेल निरभ्र दिवशी तेवढं आरामात देतं. पावसाळ्यात मात्र वीज बरीच कमी मिळते, तेव्हा पंख्याला आवर घालावा लागेल.