होम स्विच आणि लिमिट स्विच: भाग तोच, काम वेगळं

घरच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणाऱ्या मशीनवर) स्विच बसवून झाले की हमखास ऐकू येणारं वाक्य: "लिमिट स्विच लावले, होमिंग होतंय, आता मशीन सेफ आहे." होम, लिमिट आणि इमर्जन्सी स्टॉप ही तीन वेगळी कामं या एका वाक्यात कालवली जातात, आणि नवा माणूस तेच खरं धरून चालतो. गोंधळ होतो तो भाग एकच असल्यामुळे. तोच मायक्रोस्विच, तशीच वायर, आणि आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोल प्रोग्राममध्ये दोन्ही कामांना पिनही तीच.

लिमिट स्विच सगळ्यांना कळतो. गँट्री (कापणारं डोकं वाहून नेणारा सरकता सांगाडा) टोकाला जाऊन आपटायच्या आत स्विच दाबला जातो आणि मशीन थांबतं. त्यावर जास्त लिहायला नको.

होम स्विच थांबवण्यासाठी नसतोच. चालू केलेल्या मशीनला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो, आणि तो पत्ता देणं एवढंच याचं काम. होमिंग सुरू केलं की आधी झेड वर जातो, मग एक्स आणि वाय निघतात. स्विचला वेगात टेकतात, थोडं मागे सरतात, पुन्हा अगदी हळू टेकतात आणि शेवटी १ मिमी मागे येऊन उभे राहतात. मोजमाप होतं ते त्या दुसऱ्या, संथ स्पर्शात. शेवटचा १ मिमी सोडायचा कारण पिन तीच आहे: स्विच दाबलेलाच राहिला तर पुढच्या क्षणी मशीन त्याला लिमिट समजून अलार्म देईल.

खरी फसगत इथून पुढे आहे. होम स्विच मशीनला जागा देतो, तर लिमिट स्विच लागला की ती जागा जाते. घरच्या मशीनवरच्या साध्या स्टेपर मोटरला एन्कोडर, म्हणजे मोटर खरंच किती फिरली ते सांगणारा सेन्सर, नसतो. कंट्रोलर फक्त आपण मोटरला किती पल्स (एकेक पाऊल फिरण्याचे इशारे) पाठवल्या ते मोजतो. हार्ड लिमिट, म्हणजे लिमिट स्विच, लागताच तो वेग कमी न करता पल्स जागच्या जागी तोडतो, पण धावती, जड गँट्री तशी जागच्या जागी थांबत नाही. आकडा एक सांगतो आणि बिट (कापणारं पातं) दुसरीकडेच असतो. अलार्म १ (हार्ड लिमिटचा अलार्म) आल्यावर नुसतं अनलॉक करून काम पुढे चालू करणं म्हणूनच चूक आहे. आधी होमिंग, मग बाकीचं.

हे मी एक सागवानी पाटी घालवून शिकलो. जॉब बेडच्या फार कडेला लावला होता, एक्सचा स्विच लागला. मी रिसेट करून अनलॉक केलं, गँट्री मागे घेतली आणि त्याच शून्यावरून फाइल पुन्हा चालवली. दुसरा पास पहिल्याशेजारी जवळजवळ २ मिमी सरकून गेला आणि प्रत्येक अक्षराला सावली पडल्यासारखी दिसू लागली. होमिंगला अर्धा मिनिटही लागलं नसतं. वर्क झिरो, म्हणजे जॉबचा शून्य, जी५४ या ठरलेल्या खात्यात ठेवलेला असेल तर तो ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत) टिकतो, त्यामुळे लाईट जाऊन आली तरी होमिंग केलं की जॉबचा शून्य परत मिळतो. जी९२ या तात्पुरत्या कमांडने दिलेला शून्य मात्र लाईटबरोबर जातो. लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्याने तरी जी९२ वापरू नये.

आता सॉफ्ट लिमिट, म्हणजे प्रोग्राममधली हद्द. त्याला स्विच लागत नाही, पण होमिंग लागतंच. $२२ (होमिंगची सेटिंग) बंद असताना $२० (सॉफ्ट लिमिटची सेटिंग) चालू करायला गेलात तर जीआरबीएल नकार देतं. जागा माहीत असल्यामुळे हद्द ओलांडणारी हालचाल ते आधीच ओळखतं, वेग उतरवत थांबतं आणि जागा शाबूत राहते. माझं ठाम मत: तीन होम स्विच, नीट भरलेली प्रवासाची लांबी ($१३० ते $१३२) आणि सॉफ्ट लिमिट, एवढं आधी करा. समोरच्या टोकांचे लिमिट स्विच त्यानंतर. तीनच स्विच असतील तर दुसरं टोक उघडंच आहे, हेही ध्यानात ठेवा.

जोडणी एनसीच (दाबेपर्यंत जुळलेली) करा. एनओ (दाबल्यावरच जुळणाऱ्या) जोडणीत वायर तुटली की काहीच कळत नाही आणि होमिंग करताना गँट्री सरळ जाऊन आपटते. एनसीत वायर तुटणं म्हणजेच स्विच दाबला जाणं, लगेच अलार्म. $५ मध्ये (स्विचचा सिग्नल उलटा वाचायच्या सेटिंगमध्ये) १ भरायचा, एवढाच फरक.

खोटे अलार्म येतात म्हणून $२१ (हार्ड लिमिटची सेटिंग) शून्य करून टाका, हा सल्ला वाचला की खरंच राग येतो. स्पिंडलच्या (बिट फिरवणाऱ्या मोटरच्या) वायरीलगत स्विचची वायर नेली की असं होणारच, कारण चिपमधला पुल-अप (पिनचा सिग्नल वर धरून ठेवणारा रेझिस्टर) फार दुबळा असतो. दोन्ही वायरी एकमेकींपासून दूर न्या, शील्ड असलेली केबल घेऊन शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, पिनवर छोटा कपॅसिटर टाका.

आणि यातलं काहीही इमर्जन्सी स्टॉप नव्हे. त्या दिवशी अलार्म आला, गँट्री थांबली, पण स्पिंडल म्हणून लावलेला राउटर वेगळ्या सॉकेटवर होता. बिट एकाच जागी फिरत राहिला आणि लाकूड काळं पडेपर्यंत मला प्लग सापडला नाही. लाल मशरूम बटण आर्डुइनोवर बसणाऱ्या शील्ड बोर्डावरच्या रिसेट पिनला जोडणं म्हणजे आर्डुइनोला थांबण्याची विनंती करणं. बटणाने कॉन्टॅक्टरच्या (विजेवर चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा पुरवठा तोडला पाहिजे, आणि त्या कॉन्टॅक्टरमागे मोटर ड्रायव्हरची पावर सप्लाय आणि राउटर दोन्ही हवेत. बटण फिरवून सोडलं तरी मशीन आपोआप सुरू होता कामा नये, त्यासाठी हिरवं बटण वेगळं. बॉलस्क्रूवर जड स्पिंडल असेल तर पावर जाताच झेड खाली घसरू शकतो, त्याची सोय आधी करा. माझं बटण आता टेबलाच्या पुढच्या कोपऱ्यावर आहे, बिटच्या जवळ हात न नेता पोचेल असं, आणि राउटरचं सॉकेटही त्याच कॉन्टॅक्टरमागे घेतलं आहे.