देहवजन आणि वावरक्षेत्र (सस्तन प्राणी)

अन्न शोधणे, जोडीदार मिळवणे, पिले वाढवणे या नित्याच्या व्यवहारासाठी प्राणी जेवढ्या भागात फिरतो, ते त्याचे वावरक्षेत्र. ही व्याख्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बर्ट यांची, 1943 सालची. कधीमधी लांब मारलेली फेरी त्यांनी यात धरली नाही. राखलेली हद्द निराळी. तिथून दुसऱ्याला हुसकावले जाते, वावरक्षेत्रे मात्र एकमेकांत शिरलेली असू शकतात. नागपूरकडे ‘वावर’ म्हणजे शेत, आणि हा योगायोग इथे कामी येतो: खाणारी तोंडे वाढली की वावरही जास्त लागते.

पण किती जास्त? मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये दाखवले, की देहाची ऊर्जेची गरज वजनाच्या सुमारे 0.75 घाताने वाढते. वजन दहापट झाले तर गरज साडेपाचपटच होते. ब्रायन मॅकनॅब यांना 1963 मध्ये वावरक्षेत्रासाठी 0.63 हा घात मिळाला. शिकार किंवा विखुरलेले अन्न हुडकणाऱ्यांना चरणाऱ्यांपेक्षा बरेच मोठे क्षेत्र लागते, हेही त्यांनी नोंदवले. भूक आणि क्षेत्र जवळपास सारखेच वाढतात, असा हिशेब जुळल्यासारखा वाटला. 1979 मध्ये हॅरेस्टॅड आणि बनेल यांनी तो मोडला: त्यांच्या आकडेवारीत शाकाहारींचा घात 1 च्या आसपास, मांसाहारींचा 1.36. म्हणजे मांसाहारी प्राणी दहापट जड, तर क्षेत्र सुमारे तेवीसपट. नुसत्या भुकेने एवढी वाढ होत नाही. 2004 मध्ये पुढे आलेले स्पष्टीकरण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल: मोठ्या वावराची जागल एकट्याने होत नाही. शेजारी येऊन वाटा खातात, म्हणून क्षेत्र आणखी पसरावे लागते.

वाघाची जागल वासावर चालते. तो शेपटी उचलून बुंध्यावर फवारा मारतो आणि त्याला चक्क सुवासिक तांदळासारखा वास येतो. दोन्हींतला सुगंधी घटक एकच आहे.

वजन सारखे असूनही क्षेत्र बदलते. ओलिताची दोन एकर आणि कोरडवाहू दोन एकर सारखी नसतात, तसेच हे. नेपाळच्या चितवनमध्ये हरणे भरपूर, तिथे वाघिणीचे सुमारे 20 चौरस किलोमीटरमध्ये भागते; रशियाच्या अतिपूर्वेकडील विरळ शिकारीच्या जंगलात सुमारे 400 लागतात. उलट रानगवा नर वाघापेक्षा तीन-चारपट जड, पण त्याचे गवत-बांबू पळून जात नाही.

नागपूरजवळचे उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 189 चौरस किलोमीटरचे. नागझिऱ्याहून 2013 मध्ये इथे आलेला ‘जय’ हा नर अभयारण्याबाहेरच्या शेतशिवारातही फिरे. 2016 मध्ये तो दिसेनासा झाला. टिपेश्वरहून निघून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या तरुण वाघाने 2019 मध्ये तेराशे किलोमीटरहून जास्त चाल केली. बर्ट यांच्या व्याख्येत ही चाल बसत नाही. तो अजून वावर शोधत होता.