व्हेनिसचे ‘तिकीट’ : एका शुल्कामागची गुंतागुंत

सांता लुचिया स्थानकाच्या पायऱ्या उतरताना समोर रस्ता नसतो, थेट ग्रँड कॅनॉल असतो. व्हेनिसला पहिल्यांदा गेलेल्या प्रवाशाच्या मनात हेच दृश्य कायमचे राहते. ठरावीक दिवशी मात्र आता त्याच परिसरात तपासनीस मोबाइलवरचा क्यूआर कोड मागतात. दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून शहरात येण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या, २०२४ साली सुरू झालेल्या या शुल्काला सगळे सर्रास ‘तिकीट’ म्हणतात. हा शब्द चुकीचा आहे आणि त्याने मूळ प्रश्न झाकला जातो, असे तिथे जाऊन आल्यावर प्रकर्षाने वाटते.

सकाळी येऊन संध्याकाळी परतणे सोपे झाले ते मुख्य भूमीशी जोडणारा १८४६ साली रेल्वेचा आणि १९३३ साली मोटारींचा पूल झाल्यामुळे. जुन्या शहरात १९५१ साली सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. १९६६ च्या नोव्हेंबरात १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलेल्या पाण्याने तळमजले राहण्याजोगे उरले नाहीत, मुख्य भूमीवर नोकऱ्या आणि स्वस्त घरे मिळत होती, आणि अलीकडे रिकामी होणारी घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागली.

हॉटेलात उतरणाऱ्यांकडून मुक्कामकर २०११ पासून घेतला जातो. दिवसापुरता येणारा पाहुणा त्यातून सुटत होता. इटलीतल्या लहान बेटांना बोटीने येणाऱ्यांवर किनाऱ्यावर उतरण्याचे शुल्क लावण्याची मुभा आधीपासून होती. व्हेनिसही बेटांवरच वसलेले आहे, पण पुलावरून रेल्वेने आलेला माणूस बोटीतून ‘उतरत’ नाही. म्हणून २०१८ च्या अखेरीस देशाच्या अर्थसंकल्पी कायद्यात खास तरतूद झाली आणि कोणत्याही वाहनाने जुन्या शहरात येणाऱ्याकडून, मुक्कामकराला पर्याय म्हणून, कमाल १० युरो घेण्याचा अधिकार नगरपालिकेला मिळाला. कायद्याच्या भाषेत हे ‘अंशदान’ आहे; मराठीत ‘प्रवासी कर’ त्याला अधिक जवळचा. तिकिटाने कुठेतरी प्रवेश मिळतो आणि बहुधा जागाही मोजक्या असतात. इथे सेंट मार्कचे चर्च किंवा डोजचा (जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा) राजवाडा पाहायचा तर वेगळे पैसे मोजावे लागतात, आणि शहरात किती जणांनी यावे यावर कसलीही मर्यादा नाही.

अंमलबजावणी आधी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, मग महामारी आली. २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१ पासून शहरालगतच्या ज्युदेक्का कालव्यातून बंदी झाली, तेव्हा शहराचे नाव युनेस्कोच्या धोक्यातील जागतिक वारशाच्या यादीत घालण्याची शिफारस झालेली होती. २०२३ मध्ये तीच शिफारस पुन्हा आली. नगरपरिषदेने १२ सप्टेंबरला शुल्काला मंजुरी दिली आणि १४ सप्टेंबरला शहराचे नाव त्या यादीत न घालण्याचा युनेस्कोचा निर्णय झाला. या दोन तारखांकडे पाहिल्यावर शुल्काचा निर्णय केवळ गर्दीच्या नियोजनासाठी होता, हे पटत नाही.

पहिली वसुली २५ एप्रिल २०२४ रोजी, शहराचे संरक्षक संत सेंट मार्क यांच्या दिवशी झाली आणि त्याच दिवशी रहिवासी निषेधाला रस्त्यावर उतरले. त्या वर्षी २९ दिवस, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळेत, माणशी ५ युरो आकारले गेले; सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी ते भरले. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि भेटीच्या तोंडावर, शेवटच्या चार दिवसांत नोंदणी करणाऱ्यांसाठी रक्कम १० युरो झाली. एवढ्या रकमेने प्रवासी बेत बदलत नाही, हा विरोधकांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

मुक्कामी पाहुणे, चौदा वर्षांखालील मुले आणि व्हेनेतो प्रांतातले रहिवासी यांना माफी आहे; मुरानो, बुरानो ही बेटे कक्षेबाहेर आहेत. मुक्कामी पाहुण्याला मात्र माफीसाठीही नोंदणी करावी लागते, आणि शहरात राहणाऱ्यांच्या भेटीला येणाऱ्या नातेवाइकांनाही. आपल्याच घरी येणाऱ्या माणसाची नोंद का करायची, हा त्या पहिल्या दिवशीच्या निषेधामागचा सर्वांत कडवट प्रश्न होता.