खानदेशातल्या केबल बातम्या आणि नियंत्रणाचा वाद: पार्श्वभूमी

टीव्हीवर अंकुश सरकारचा असावा की वाहिन्यांनी स्वतःच लगाम घालावा, हा वाद उपग्रह वाहिन्यांना समोर ठेवून झडतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये गावची बातमी मात्र बरीच वर्षे केबलचालकाच्या स्वतःच्या वाहिनीवरून आली, आणि त्या वाहिनीची सरकारदरबारी ओळख वेगळी आहे.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या आणि त्यांचे नियमन स्वतंत्र संस्थेकडे सोपवावे, असे सुचवले. मार्चमध्ये केबल कायदा झाला, त्यात अधिकार गेले सरकारी अधिकाऱ्याकडे. मुख्य टपाल कार्यालयात ५०० रुपये भरून केबलचालक नोंदणीकृत झाला खरा. पण कलम १९ नुसार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलिस आयुक्त यांना कार्यक्रम जाती-धर्मांत तेढ वाढवेल असे वाटले तरी ते प्रक्षेपण थांबवू शकतात. कलम ११ खाली यंत्रसामग्री जप्त होते. सिग्नल केबलवर चढवणारा मॉड्युलेटर आणि तो वाढवणारा ॲम्प्लिफायर उचलले गेले की त्या हेडएंडवरच्या (केबलचालकाच्या प्रक्षेपण केंद्रावरच्या) सगळ्याच वाहिन्या बंद. केबलचालकाच्या स्व-सेन्सॉरशिपचे मूळ कार्यक्रमांच्या आचारसंहितेपेक्षा या जप्तीच्या धाकात जास्त आहे. मिरवणुकीच्या थेट प्रक्षेपणात दृश्य चालू ठेवून आवाज बंद करणे, हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

२००८ मध्ये उपग्रह वृत्तवाहिन्यांनी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली स्वतःची यंत्रणा उभी केली. तिचा दंड जास्तीत जास्त १ लाख रुपये होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही तो अपुरा वाटला. २०२१ च्या नियमांनी वाहिनी, स्वनियमन संस्था आणि सरकार अशी तक्रारीची त्रिस्तरीय उतरंड आखली. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा. स्थानिक केबल वाहिनीला यातली मधली पायरीच नाही. तिच्याविरुद्धची तक्रार थेट जिल्हा संनियंत्रण समितीपुढे जाते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव जिल्हा माहिती अधिकारी! रोजच्या सरकारी बातम्या आणि छायाचित्रे ज्या कार्यालयातून येतात, तेच कार्यालय इथे चौकशीला बसते.

या साऱ्यात वादग्रस्त निर्णय ३० नोव्हेंबर २०२२ चा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी केबलचालकाच्या (सूचनांच्या भाषेत ‘मल्टी-सिस्टिम ऑपरेटर’च्या) वाहिनीला ‘प्लॅटफॉर्म सेवा’ म्हटले. ऑनलाइन नोंदणी, प्रत्येक वाहिनीला १,००० रुपये, आणि एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्के ही मर्यादा, शिवाय प्रत्येक जिल्ह्याला २ जादा. इथवर तक्रारीला जागा नाही. मात्र स्थानिक बातम्या दाखवायच्या तर चालक कंपनी असला पाहिजे. भागीदारीत किंवा एकट्याच्या नावावर चालणाऱ्यांना रूपांतराच्या अर्जासाठी ३ महिने दिले. दुसरी अट त्याहून जाचक: एका नेटवर्कचा कार्यक्रम दुसऱ्या नेटवर्कवर दाखवायचा नाही. धार्मिक स्थळांवरच्या थेट प्रक्षेपणाला सूट आहे. म्हणजे धुळ्यात एकविरा देवीची आरती दोन केबलवर दिसू शकते, महापालिकेची महासभा नाही. सूट उलटी हवी होती.

तिसरी अट ९० दिवसांच्या रेकॉर्डिंगची. २ एमबीपीएसने एका वाहिनीचे दिवसाला सुमारे २१.६ जीबी, ९० दिवसांचे जवळपास २ टीबी होतात. म्हणून डिस्क ४ टीबीची घेतलेली बरी. रेकॉर्डिंग प्लेआउटच्या, म्हणजे कार्यक्रम सोडणाऱ्या संगणकावरून घेतले तर त्यावर नंतर चढणारी स्क्रोल पट्टी त्यात येत नाही, आणि वाद पट्टीतल्या मजकुरावर उठला तर पुरावाच नसतो. ते एन्कोडरला (सिग्नल डिजिटल रूपात बदलणाऱ्या यंत्राला) जाणाऱ्या शेवटच्या सिग्नलवरून घ्यावे, दर तासाला नवी फाइल करावी आणि रेकॉर्डरला यूपीएस जोडावा, म्हणजे वीज गेल्यावर अख्खा दिवस बिघडत नाही. घड्याळ दहा मिनिटे मागे असले तरी चालक निवडणुकीत गोत्यात येतो, कारण मतदान संपण्याच्या आधीच्या ४८ तासांत प्रचार दाखवता येत नाही. राजकीय जाहिरातीला तर २००४ पासून पूर्वप्रमाणन लागते: मान्यताप्राप्त पक्षाने किंवा उमेदवाराने ३ दिवस, नोंदणी नसलेल्या पक्षाने किंवा इतरांनी ७ दिवस आधी, जाहिरातीच्या लिखित मजकुराच्या साक्षांकित प्रतीसह अर्ज करायचा. ही थेट सरकारी पूर्वतपासणी, आणि तिच्याबद्दल केबलचालकांची कुरकुर सर्वांत कमी. प्रमाणपत्र हातात आले की जबाबदारी दुसऱ्याची.

२०२३ मध्ये केबल कायद्यातली कैदेची शिक्षा गेली. त्याऐवजी समज, ताशेरे, ताकीद आणि आर्थिक दंड आले. कलम १९ जागच्या जागी आहे.