वचन पाठ आहे, पण शहाणपण आलंय का?

आपल्या मराठी बायबलमध्ये एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, 'ज्ञान' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. १ करिंथ ८:१ मध्ये प्रेषित पौल म्हणतो ज्ञान फुगवतं, आणि याकोब १:५ म्हणतो ज्याला ज्ञान कमी असेल त्याने ते देवाकडे मागावं. आता जे फुगवतं ते मागायचं कशाला? मूळ ग्रीकमध्ये शब्दच वेगळे आहेत, पौलाचा ग्नोसिस म्हणजे माहिती असणं आणि याकोबाचा सोफिया म्हणजे शहाणपण.

लहान मुलांच्या बाबतीत आपली गल्लत नेमकी इथेच होते. माझ्या पाच वर्षांच्या मुलाने संडे स्कूलमध्ये स्तोत्र २३ च्या सहाही ओव्या न अडखळता म्हटल्या, मला किती भरून आलं काय सांगू, आणि त्याच दुपारी नाताळच्या करंज्यांचं ताट मांडीत घेऊन बसला, धाकट्याला एक द्यायला तयार नाही. पाठांतर वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हं, ते डब्यात भरून ठेवलेलं पीठ आहे, घरात हवंच, पण भाकरी थापायला वेगळं शिकवावं लागतं.

शहाणपणासाठी ओळखल्या जाणाऱ्या शलमोन राजाचंच बघा ना. १ राजे ३ मध्ये देव म्हणतो हवं ते माग, आणि हा तरुण राजा बरंवाईट ओळखणारं मन मागतो, हिब्रूत तिथे शब्दशः 'ऐकणारं मन' असं आहे. म्हणजे शहाणपणाची सुरुवात ऐकण्यापासून. पण त्याचाच मुलगा रहबाम, एवढ्या शहाण्या बापाच्या घरात वाढलेला, वडीलधाऱ्यांचा सल्ला सोडून बरोबरीच्या पोरांचं ऐकतो आणि इस्राएलच्या बारांपैकी दहा वंश हातचे घालवतो (१ राजे १२). हे वाचलं की मला आई म्हणून खरंच धडकी भरते, कारण बापाचं शहाणपण मुलात आपोआप उतरत नाही.

बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे ३१ अध्याय आहेत, मोठी माणसं रोज एक वाचून महिन्यात संपवतात, पण छोट्यांना ते झेपत नाही. आम्ही फक्त ६:६ घेतलं, मुंगीकडे जा, तिचं बघून शहाणा हो. अंगणात साखरेचे चार दाणे टाकले आणि अर्धा तास उकिडवे बसून बघत राहिलो, मी काही समजावलं नाही, फक्त विचारलं, हिला कोण सांगतं रे काम कर म्हणून? तो खूप वेळ गप्प होता. आणि मुलाला ते गप्प बसणं मिळू द्यायला हवं, आपण लगेच उत्तर देऊन टाकतो.

परवा झोपायच्या प्रार्थनेआधी स्वतःच म्हणाला, "मम्मी, तुळशीची कुंडी मांजराने नाही पाडली." मी ओरडले नाही, जवळ घेतलं फक्त. सकाळी दोघांनी मिळून ते रोप पत्र्याच्या डब्यात लावलं, पाणी त्यानेच घातलं.