पार्श्वभूमी: 38 वर्षांची बंदी आणि मार्ता

2006 ते 2010 अशी सलग पाच वर्षं 'फिफा'ने जगातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून एकाच खेळाडूला निवडलं: ब्राझीलची मार्ता व्हिएरा दा सिल्वा. 2018 मध्ये हा मान तिला सहाव्यांदा मिळाला. 2019 च्या विश्वचषकात इटलीविरुद्ध तिने आपला सतरावा विश्वचषक गोल केला, तेव्हा पुरुषांमध्ये जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोझे 16 गोलांसह पहिला होता. म्हणजे त्या दिवशी विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारी व्यक्ती एक बाई होती.

हे आकडे क्रीडापानांवर पुष्कळदा येऊन गेले आहेत. त्यामानाने एक गोष्ट कमी बोलली जाते. पुरस्कारांच्या त्या पाच वर्षांत मार्ताची घरच्या क्लबकडून खेळण्याची मुदत काही महिन्यांपलीकडे गेली नाही. तिची रोजीरोटी स्वीडनमध्ये होती, नंतर अमेरिकेत. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये पाच विश्वचषक जिंकलेल्या देशाला जगातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूला घरी ठेवता येऊ नये, याचं कारण समजून घ्यायचं तर तिच्या जन्माच्या 45 वर्षं मागे जावं लागतं.

14 एप्रिल 1941 रोजी राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांच्या सरकारने देशातल्या क्रीडासंस्थांची घडी बसवण्यासाठी 3199 क्रमांकाचा अध्यादेश काढला. त्याच्या 54 व्या कलमाचा आशय असा होता, की स्त्रियांच्या प्रकृतीशी विसंगत असलेले खेळ त्यांना खेळू दिले जाणार नाहीत. त्याआधी मुली खेळत नव्हत्या असं मुळीच नाही. सुरुवातीला सर्कशीतले तमाशेवजा सामने होत, पुढे रिओच्या उपनगरांत खरेखुरे संघ उभे राहिले आणि 1940 मध्ये साओ पाउलोच्या नव्याकोऱ्या पाकायम्बू स्टेडियमवर महिलांचा सामनाही झाला. काहींच्या पोटात दुखायला लागलं ते त्यानंतर. मातृत्वाला धोका आहे, हा प्रकार थांबवा, असं पत्र एका गृहस्थाने थेट राष्ट्राध्यक्षांना धाडलं होतं. आरोग्य खात्यातल्या डॉक्टरांनीही त्याच सुरात सूर मिसळला.

1941 च्या कलमात फुटबॉलचं नाव नव्हतं. ती कसर लष्करी राजवटीत भरून निघाली. 1965 मध्ये राष्ट्रीय क्रीडा परिषदेने यादीच दिली: फुटबॉल, इनडोअर फुटबॉल, समुद्रकिनाऱ्यावरचा फुटबॉल, वॉटर पोलो, रग्बी, वजन उचलणं, कुस्ती. हे सगळं स्त्रियांना बंद. मधल्या काळात कुणी डोकं वर काढलंच तर ते दाबलं जाई. मिनास जेराइस राज्यातल्या अरागुआरीमध्ये 1958 च्या सुमारास एका शाळेच्या मदतीसाठी मुलींचा सामना ठरला. बघायला गर्दी लोटली, संघाला बाहेरगावची बोलावणी येऊ लागली आणि थोड्याच काळात परिषदेने तो बंद पाडला.

बंदी म्हणजे गल्लीत चेंडू खेळणाऱ्या प्रत्येक पोरीच्या मागे पोलीस लागत होते, असं नव्हे. पण नोंदणीकृत क्लब नाही, स्पर्धा नाहीत, प्रशिक्षक नाहीत, पंच नाहीत. एका पिढीने पुढच्या पिढीला शिकवावं अशी साखळीच नाही. याच काळात, 1958, 1962 आणि 1970 मध्ये, ब्राझीलच्या पुरुषांनी तीन विश्वचषक आणले. पेलेचं नाव घराघरांत पोचलं ते नेमकं याच वर्षांत. ब्राझीलच्या सोनेरी काळाबद्दल वाचताना हा हिशेब मनात ठेवायला हवा, असं मला फार वाटतं. कारण त्या प्रत्येक जल्लोषाच्या वेळी देशातल्या निम्म्या लोकांना तो खेळ रीतसर खेळायची मुभा नव्हती.

बंदी 1979 मध्ये उठली, आणि महिला फुटबॉलचे अधिकृत नियम यायला 1983 उजाडलं. रिओच्या एस्पोर्ते क्लुबे रादार या क्लबने ऐंशीच्या दशकात जवळजवळ एकट्याच्या बळावर हा खेळ जागता ठेवला. 1988 मध्ये 'फिफा'ने चीनमध्ये प्रायोगिक स्पर्धा भरवली, तिथे गेलेला ब्राझीलचा संघ मुख्यतः रादारच्या मुलींचा होता आणि त्यांच्या अंगावर पुरुषांचे उरलेसुरले ढगळ शर्ट होते. त्या तिसऱ्या आल्या. 1999 च्या विश्वचषकातही ब्राझील तिसरा आला आणि सिसीने सात गोल करून चीनच्या सुन वेनबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. मधल्या फळीतली फोर्मिगा जन्मली मार्च 1978 मध्ये, बंदी अजून कायद्यात असताना. पुढे ती सात विश्वचषक आणि सात ऑलिम्पिक खेळली. तिचा निरोपाचा सामना नोव्हेंबर 2021 मध्ये मनाउसला झाला, तो भारताविरुद्ध. आपण 1-6 हरलो, पण मनीषा कल्याणने ब्राझीलला गोल मारला तो त्याच सामन्यात.

मार्ताचा जन्म 19 फेब्रुवारी 1986 चा, अलागोआस राज्यातल्या दोइस रियाशोस या लहानशा गावातला. ईशान्य ब्राझीलचा हा पट्टा दुष्काळी. ती लहान असतानाच वडील घर सोडून गेले; आई तेरेझाने मोलमजुरी करून चार मुलं वाढवली. कायद्यातली बंदी जाऊन वर्षं झाली होती, लोकांच्या डोक्यातली तशीच होती. मार्ता मुलांच्या संघातून खेळायची. एका स्पर्धेत प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकाने, ही पोरगी खेळणार असेल तर माझा संघ उतरणार नाही, अशी धमकी दिली, आणि माघार घ्यावी लागली ती मार्ताला.

चौदाव्या वर्षी ती तीन दिवसांचा बसप्रवास करून रिओला आली. वास्को द गामा क्लबमध्ये एलेना पाशेको या प्रशिक्षिकेने तिचा खेळ पाहिला आणि तिला ठेवून घेतलं. थोड्याच काळात वास्कोने महिला संघाचा गाशा गुंडाळला. तिच्या कारकिर्दीत हे पुढे किती वेळा झालं ते पाहिलं की चीड येते. 2009 मध्ये ती अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस सोल या क्लबला गेली आणि तिथल्या महिला लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. क्लब 2010 च्या सुरुवातीलाच बंद. मग एफसी गोल्ड प्राइड. विजेतेपद मिळवलं, क्लब त्याच वर्षी बंद. मग वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश. 2011 चं विजेतेपद, आणि 2012 मध्ये अख्खी लीगच बंद. मधल्या काळात ब्राझीलच्या ज्या सांतोस क्लबला तिने 2009 ची कोपा लिबेर्तादोरेस ही दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची स्पर्धा जिंकून दिली, त्या क्लबनेही 2012 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून महिला संघ मोडला. स्वीडनचा त्युरेसो क्लब तर 2014 मध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी खेळला, लिस्बनमध्ये वोल्फ्सबुर्गकडून 3-4 हरला. मार्ताने त्यात दोन गोल केले होते. क्लब दिवाळखोरीत गेला तो त्याच मोसमात.

तिला खरा आसरा मिळाला तो त्याआधी, उत्तर स्वीडनमधल्या उमेओत. 2003 च्या विश्वचषकात सतरा वर्षांची मार्ता तिथल्या क्लबच्या नजरेत भरली. 2004 मध्ये ती त्या बर्फात दाखल झाली, भाषा येत नसताना. त्याच मोसमात उमेओने युरोपचं विजेतेपद मिळवलं: अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत मिळून फ्रँकफुर्टवर 8-0. 2005 पासून सलग चार वर्षं स्वीडिश लीगही. उमेओ हे काही मोठं शहर नाही, पण तिथे महिलांच्या सामन्यांना लोक तिकीट काढून येत, क्लबकडे मैदान होतं, पगार वेळेवर होत होता. इतकं साधं काहीतरी तिला अटलांटिक ओलांडल्यावर मिळालं. पुढे तिने स्वीडनचं नागरिकत्वही घेतलं.

सप्टेंबर 2007 मधला हांगचौचा तो गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शोधून पाहावा. विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर अमेरिका. मार्ता पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला, गोलकडे पाठ, बचावपटू अगदी पाठीला चिकटलेली. आलेला चेंडू तिने वळता वळता टाचेने एका बाजूने काढला आणि स्वतः दुसऱ्या बाजूने पळाली. मधली बाई कुठे वळावं ते न कळून जागच्या जागी फिरत राहिली. पुढच्या बचावपटूला हुलकावणी देऊन आत, आणि चेंडू जाळ्यात. ब्राझील 4-0. मार्ताने त्या स्पर्धेत सात गोल केले, सर्वोत्तम खेळाडूही तीच. मात्र अंतिम सामन्यात जर्मनीच्या नादिने आंगेररने तिची पेनल्टी अडवली आणि ब्राझील 0-2 हरला. पदकसमारंभात ब्राझीलच्या मुलींनी एक फलक उंचावला: 'ब्राझील, आम्हाला पाठबळ हवंय.' दोनच महिन्यांपूर्वी, पॅन अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला, त्याच मुलींसाठी माराकाना तुडुंब भरलं होतं. म्हणजे प्रेक्षक होते. नव्हती ती लीग, नव्हते ते पैसे.

ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेने हातपाय हलवले ते फार उशिरा. 2019 पासून पहिल्या श्रेणीतल्या पुरुष क्लबांना महिला संघ ठेवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी मार्ता विश्वचषकात कोणत्याही कंपनीचं चिन्ह नसलेले काळे बूट घालून उतरली. त्यावर फक्त समानतेची गुलाबी-निळी खूण होती, कारण पुरुषांच्या तुलनेत कमी रकमेचा प्रायोजन करार तिने नाकारला होता. सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय संघाच्या पुरुष-महिला खेळाडूंचे दैनंदिन भत्ते आणि बक्षिसं सारखी झाली. हे सगळं घडायला एवढी मोठी खेळाडू तिशी ओलांडेपर्यंत थांबावं लागलं, याचं वाईट वाटतं.

ऑलिम्पिकमध्ये 2004, 2008 आणि 2024 अशी तीन रौप्यपदकं तिच्याकडे आहेत, सुवर्ण नाही. विश्वचषकही नाही. 2017 पासून ती ऑरलँडो प्राइडमध्ये आहे, आणि 2024 मध्ये या क्लबने अमेरिकेची लीग जिंकली. ऑगस्ट 2025 मध्ये किटोला कोपा अमेरिकाचा अंतिम सामना होता; कोलंबिया 3-2 ने पुढे, भरपाईची वेळ संपत आलेली. 39 वर्षांची मार्ता बदली खेळाडू म्हणून आत आली होती. तिने 96 व्या मिनिटाला दुरून बरोबरीचा गोल मारला, जादा वेळेत आणखी एक केला, कोलंबियाने पुन्हा बरोबरी साधली, आणि पेनल्टींवर ब्राझील जिंकला, जरी तिची स्वतःची पेनल्टी हुकली.

2027 चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये 24 जून ते 25 जुलैदरम्यान ठरला आहे, दक्षिण अमेरिकेतला पहिलाच. साओ पाउलो, रिओ, साल्व्हादोर धरून आठ शहरांत सामने होतील. त्यांत अलागोआसमधलं एकही नाही. दोइस रियाशोसच्या मुलींना सामना बघायचा तर शेजारच्या राज्यातल्या रेसीफेला जावं लागेल.