अल्बिनिझम असलेल्या मुलाचं दिव्यांग सर्टिफिकेट कसं काढायचं, आणि आईचे स्वतःचे कागद (सातारा जिल्हा)

मागच्या खेपेला साताऱ्यात सिव्हिलला डोळ्यांच्या ओपीडीबाहेर माण तालुक्यातली एक ताई भेटली, मांडीवर दीडेक वर्षाचं लेकरू, केस पांढरेशुभ्र, म्हणजे अल्बिनिझम (जन्मापासनंच अंगात रंगद्रव्य कमी किंवा नसणं), आणि तिनं त्याचं तोंड पदराखाली घेतलेलं. मला वाटलं लोक बघतात म्हणून झाकलंय, पण तसं नव्हतं, खिडकीतनं ऊन थेट तोंडावर येत होतं आणि पोराला डोळे उघडवतच नव्हते. तिच्याकडं पिशवीभर कागद होते, सगळे कातडीच्या डॉक्टरचे, कुणीतरी कोड समजून मलमं पण दिलेली, डोळ्यांचा एकही कागद नाही. आणि घरी सासूचं रोजचं एकच, "आमच्या घराण्यात असलं कुणी न्हाय, हे तुझ्याकडनंच आलंय." तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय, कारण अशा आया बऱ्याच आहेत आणि त्यांना दोन फायली करायला लागतात, एक लेकराची आणि एक स्वतःची.

आधी ते "तुझ्याकडनंच" बघू. केस, कातडी, डोळे तिन्ही रंगहीन असतील तर त्याचा जीन (आईबापाकडनं येणारा गुणधर्माचा अंश) आई आणि बाप दोघांकडनं आलेला असतो. दोघंही दिसायला अगदी नॉर्मल असतात, म्हणून घराण्यात कुणी नाही असं वाटतं, आणि अशा जोडप्याला प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता असते. आपल्याकडं मामाची मुलगी करायची रीत आहे, जवळच्या नात्यात दोघांकडं तोच जीन असायची शक्यता वाढते. ग्रहणात भाजी चिरली, गरोदरपणात अमुक खाल्लं, याचा काडीचा संबंध नाही. डॉक्टरकडनं हे कागदावर लिहून घ्या आणि नवऱ्याला सोबत घेऊनच ऐका, नुसतं तोंडी सांगितलेलं घरी गेल्यावर कुणी मानत नाही.

आता सर्टिफिकेट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात अल्बिनिझम असं नाव नाही. त्यामुळं फॉर्म भरताना लोक अडकतात. प्रकार निवडायचा तो अल्पदृष्टी, म्हणजे लो व्हिजन, कारण या मुलांची नजर मुळातच कमी असते आणि बुबुळं हलत राहतात. मोजतात ती चांगल्या डोळ्याची नजर, तीपण चष्मा लावून. दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये आले (६/२४ म्हणजे नॉर्मल माणसाला २४ मीटरवरनं दिसतं ते याला ६ मीटरवरनं दिसतं) तर ४० टक्के धरतात, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्केच लागतात. पोरगं पुस्तक नाकाला लावून भराभरा वाचतं म्हणून "याला दिसतंय की" असं मास्तरही म्हणतात, पण जवळचं वाचणं वेगळं आणि फळ्यावरचं दिसणं वेगळं.

अर्ज ऑनलाइन, स्वावलंबन कार्डच्या म्हणजे यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर, मोबाईलवरनं जमतं नाहीतर सेवा केंद्रात जा. अर्जाला सरकारी फी नाही, केंद्रवाला घेईल ते फक्त त्याच्या कामाचे. मुलाचं आधार, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि मोबाईल नंबर असा द्या जो चालू राहील, नवऱ्याचा नंबर दिला आणि पुढं भांडण झालं की मेसेज तिकडंच जातात, शक्यतो आईचाच द्या. जन्माचा दाखला आणि डोळ्यांचे जुने रिपोर्ट सोबत ठेवा. हॉस्पिटल निवडताना आपल्या जिल्ह्याचं, म्हणजे साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. मग तपासणीला जायचं.

तपासणीच्या दिवशीचं नीट वाचा. चष्मा असेल तर न्यायचाच. डोळ्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग या मुलांना बाहेरचं ऊन अजिबात सोसत नाही, दहिवडी-म्हसवडकडनं आलेल्यांनी रुंद काठाची टोपी, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणावा आणि परतीची एसटी शक्यतो उतरत्या उन्हाची धरावी. हलणारी बुबुळं स्थिर करायला ही मुलं मान एका बाजूला कलती करून बघतात, कुणी "मान सरळ कर" म्हणून दामटलं तर नम्रपणे सांगा की त्याला असंच दिसतं.

कार्ड पोस्टानं येतं, ऑनलाइन डाउनलोडही होतं. ४० च्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं मिळतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. नाकारलं तर कारण लेखी मागायचं, कायद्यात अपील आहे.

४० टक्के असतील तर ६ ते १८ वयापर्यंत शिक्षण मोफत, जवळच्या साध्या शाळेतसुद्धा. मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणि विशेष शिक्षकासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात अर्ज द्या, बोर्डाला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. वर्गात पहिला बाक, पण खिडकीपासून लांब.

आता आईची फाईल, आणि ही टाळू नका. मूल दिव्यांग आहे एवढ्या कारणावरनं त्याला आईपासून तोडता येत नाही, त्यासाठी कोर्टाचाच आदेश लागतो, हे त्याच कायद्याचं कलम ९. "पोर कुणाचं" असे टोमणे, घराबाहेर काढणं, खर्च बंद करणं हे सगळं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बसतं. संरक्षण अधिकाऱ्याकडं जायचं, ते घटना अहवाल भरून कोर्टात देतात, तिथं त्याच घरात राहायचा हक्क, खर्च आणि मुलाचा ताबा तिन्ही मागता येतं. लग्नाचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, आधार, दवाखान्याचे कागद एवढ्यावर सुरुवात होते, एखादा कागद सासरी अडकला असेल तरी जा. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट, बाईला उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. रात्रीबेरात्री महिला हेल्पलाइन १८१ किंवा तातडीच्या मदतीचा नंबर ११२.

अपशकुनी म्हणून हिणवत असतील, किंवा अंगात काही शिरलंय म्हणून बाबाकडं नेऊन पोराला मारझोड झाली, तर थेट पोलीस ठाण्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्या. या कायद्यासाठी आपल्या साताऱ्याचे डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले, तो वापरायला कचरू नका, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चारचौघात मुलाचा दिव्यांग म्हणून मुद्दाम अपमान केला तर २०१६ च्या कायद्यातलं कलम ९२ वेगळं आहेच.

त्या ताईला त्या दिवशी कातडीचे कागद बाजूला काढून नवी फाईल लावून दिली, वर डोळ्यांचा केसपेपर, खाली जन्मदाखला. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा, एक सेट माहेरी ठेवा.